डोक्यात टायटॅनियमची प्लेट आहे, मग टीएमएस चालेल का?

माझ्या मावसभावाच्या कवटीत उजव्या बाजूला टायटॅनियमची जाळी बसवलेली आहे. बाईकवरून पडला तेव्हा हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. जीव वाचला, नोकरीही टिकली, पण तीन वर्षांनी डिप्रेशनने गाठलं. दोन गोळ्या बदलून झाल्यावर डॉक्टरांनी टीएमएसचा पर्याय सांगितला. त्याने एका सेंटरला फोन केला. "डोक्यात मेटल आहे? मग नाही होणार." फोन कट. दुसऱ्या सेंटरला विचारलं. "अपघातानंतर एमआरआय झालाय ना? मग काही प्रॉब्लेम नाही, या तुम्ही."

रात्री त्याचा मेसेज आला: "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, खरं काय ते सांग."

मी सॉफ्टवेअरवाला. मेंदूशी माझा संबंध डोकेदुखीपुरता. पण टीएमएसचं मशीन उघडून पाहिलं तर आत दहावीच्या विज्ञानातलं विद्युत चुंबकीय प्रवर्तनच आहे, आणि ते समजलं की दोन्ही सेंटरची उत्तरं का अपुरी होती तेही कळतं.

टीएमएस म्हणजे काय

ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटी न उघडता, बाहेरून चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मेंदूच्या पेशींना उत्तेजित करणं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं की चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. इथे वाहक म्हणजे तुमचा मेंदू. १९८० मध्ये लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून थेट विजेने मेंदू उत्तेजित करून दाखवला होता. जमलं, पण दुखायचं. कारण कवटी विजेला अडवते आणि बराचसा करंट टाळूच्या कातडीतूनच फिरून जातो. १९८५ मध्ये शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. चुंबकीय क्षेत्राला हाड जवळपास दिसतच नाही. ते आरपार जातं आणि वीज आत, मेंदूतच तयार होते.

मशीनमध्ये मोठे कपॅसिटर असतात. ते चार्ज करायचे आणि एका झटक्यात तांब्याच्या कॉइलमधून रिकामे करायचे. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश "टूं" असा आवाज करत चार्ज व्हायचा आणि मग एकदम चमकायचा, तसंच. फक्त इथे कॉइलमधून काही हजार अँपिअर करंट जातो. कॉइलच्या पृष्ठभागावर सुमारे १.५ ते २ टेस्ला क्षेत्र तयार होतं, म्हणजे आकड्यात एमआरआयच्या तोडीचं. पण ते टिकतं साधारण २०० ते ३०० मायक्रोसेकंद. प्रत्येक पल्सला "टक्" असा मोठा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालायला देतात. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल वापरली की परिणाम एका छोट्या भागावर एकवटतो, आणि तोही कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच.

अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये डिप्रेशनसाठी पहिल्या टीएमएस यंत्राला मंजुरी दिली. रूढ पद्धतीत सेकंदाला १० पल्स अशा छोट्या फैरी झाडत, मध्ये विश्रांती देत, एका बैठकीत ३,००० पल्स होतात. त्याला अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. थीटा बर्स्ट नावाचा नवा प्रकार ६०० पल्समध्ये, म्हणजे तीन मिनिटांत उरकतो. असे उपचार आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात.

मध्ये धातू आला की

फोन वायरलेस चार्जरवर ठेवताना मध्ये नाणं राहिलं तर ते तापतं. म्हणूनच चांगले चार्जर मध्ये काहीतरी परकं आहे हे ओळखून थांबतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या आत विजेचे भोवरे फिरायला लागतात. त्यांना एडी करंट म्हणतात. करंट फिरला की रेझिस्टन्समुळे उष्णता होते. कवटीतल्या प्लेटच्या बाबतीतही पहिली भीती हीच.

थोडं गणित करू. कॉइलजवळ क्षेत्र बदलण्याचा वेग सेकंदाला २०,००० टेस्ला धरा. २ टेस्ला आणि शे-दीडशे मायक्रोसेकंद हे आकडे पाहिले तर हा अंदाज काही फुगवलेला नाही. आता त्या क्षेत्रात १ सेंटिमीटर त्रिज्येची धातूची अंगठी ठेवा. क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की अंगठीत सुमारे ६ व्होल्ट तयार होतात. सहाच? हो, पण रेझिस्टन्स बघा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची ही अंगठी असेल तर तिचा रेझिस्टन्स साधारण एक मिलिओहम. म्हणजे निव्वळ कागदावरच्या हिशोबाने करंट हजारो अँपिअर. तीच अंगठी इम्प्लांटमध्ये वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूची केली तर साठेक अँपिअर.

इथे एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवाच्या उलट आहे. इंडक्शनच्या शेगडीवर चुंबक चिकटणारं भांडं चटकन तापतं आणि अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं थंडच राहतं. त्यामुळे वाटतं की चुंबकाला न चिकटणारा धातू सुरक्षित. टीएमएसमध्ये लहान, पातळ तुकड्यांच्या बाबतीत गणित वेगळं चालतं. तुकड्यात तयार होणारे व्होल्ट क्षेत्राच्या वेगावर आणि आकारावर ठरतात. तेवढ्या व्होल्टला धातू जितका चांगला वाहक, तितका करंट जास्त आणि उष्णताही जास्त. म्हणून चांदी आणि सोनं, जे चुंबकाला ढुंकूनही विचारत नाहीत, तेच सगळ्यात जास्त तापतात. हे पुस्तकी नाही. सुरुवातीच्या काळात ईईजीचे गोल, चकतीसारखे धातूचे इलेक्ट्रोड डोक्याला चिकटवून वेगाने पल्स दिल्यावर त्वचा भाजण्याचा धोका लक्षात आला, आणि १९९२ मध्ये रॉथ आणि सहकाऱ्यांनी त्याचा नीट अभ्यास केला. ५० अंश सेल्सिअस तापमान १०० सेकंद किंवा ५५ अंश १० सेकंद राहिलं तरी कातडी भाजते. मेंदूची सहनशक्ती त्याहून कमी. ४३ अंशांच्या पुढे कायमची इजा होऊ शकते.

उपाय काय केला? इलेक्ट्रोड लहान केले आणि रिंगला एक चीर दिली. चीर दिली की भोवऱ्याची वाट तुटते. रिंगरोडवर एका ठिकाणी बॅरिकेड लावलं की पूर्ण चक्कर मारता येत नाही, तसं.

टायटॅनियमचं नशीब चांगलं

कवटीच्या प्लेट्स, जाळ्या आणि स्क्रू बहुतेक वेळा टायटॅनियमचे असतात, ते टीएमएससाठी नव्हे, तर शरीर ते स्वीकारतं आणि ते गंजत नाही म्हणून. पण योगायोगाने आपल्या प्रश्नातही हा धातू सोयीचा आहे. तो लोहचुंबकीय नाही, त्यामुळे कॉइल त्याला ओढत नाही. (वाहक धातूला एडी करंटमुळे उलट थोडा ढकलणारा जोर बसतो, पण हाडाला स्क्रूने घट्ट बसवलेल्या हलक्या प्लेटला त्याने फरक पडत नाही.) शिवाय धातू असूनही तो विजेचा मध्यम दर्जाचाच वाहक आहे. शुद्ध टायटॅनियमची वाहकता तांब्याच्या साधारण पंचविसावा भाग, आणि अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम घातलेल्या मिश्रधातूची जवळपास शंभरावा भाग.

२००७ मध्ये बोस्टनमधल्या रोटेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियमच्या कवटी-प्लेट्सवर टीएमएस देऊन तापमान मोजलं. वाढ किरकोळ होती. काही प्लेट्सना मुळातच खाचा असतात, त्या वरच्या चिरेचंच काम करतात. हा निकाल तुम्हाला बऱ्याच ठिकाणी "टायटॅनियम सेफ आहे" एवढ्या तीन शब्दांत वाचायला मिळेल. पण तो प्रयोग सेकंदाला १ पल्स या वेगाचा होता. १० पल्सच्या फैरींमध्ये धातूला थंड व्हायला तेवढा वेळ मिळत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एका लोडवर टेस्ट पास झाली म्हणून दहापट लोडवर प्रॉडक्शनमध्ये टाकत नाहीत.

आकारही बघायला हवा. ऑपरेशननंतर हाडाचा तुकडा जागेवर धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या पट्ट्या वेगळ्या आणि तळहाताएवढी जाळी वेगळी. पट्टीत भोवऱ्याला फिरायला जागाच नसते. जाळीला भोकं असली तरी ती आतल्या आत जोडलेली असते, त्यामुळे कडेने मोठा भोवरा फिरू शकतो. त्रिज्या निम्मी झाली की धातूत होणारी सरासरी उष्णता चौथाई होते, आणि दुप्पट झाली की चौपट. म्हणून "टायटॅनियम आहे" एवढं कळणं म्हणजे अर्धीच माहिती.

सगळ्यांच्याच डोक्यात धातू असतो असंही नाही. मेंदूला सूज आली की सर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवतात. तो बऱ्याचदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. कधी बोन सिमेंट किंवा पीक नावाचं प्लास्टिक वापरतात. या दोन्हींत एडी करंटचा प्रश्नच येत नाही. मात्र ते धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू धातूचे असू शकतात.

एमआरआय झालाय, मग काय प्रॉब्लेम?

दुसऱ्या सेंटरचं हे उत्तर मला पहिल्यापेक्षा जास्त खटकलं, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं.

एमआरआयमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र चालतात. एक, कायम असलेलं १.५ किंवा ३ टेस्लाचं क्षेत्र. याची भीती लोखंडी वस्तू ओढली जाण्याची. दोन, रेडिओ लहरी, १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे ६४ मेगाहर्ट्झ आणि ३ टेस्लामध्ये सुमारे १२८. यांनी लांब तारा तापू शकतात. तीन, ग्रेडियंट कॉइल, ज्यामुळे तो ठकठक आवाज येतो. यात क्षेत्र बदलण्याचा वेग सेकंदाला काही दहा टेस्लाच्या घरात असतो. टीएमएसमध्ये तो वीस हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडो पट.

एमआरआयला चालणारं इम्प्लांट म्हणजे ज्यावर पहिल्या तीन गोष्टींची चाचणी झाली आहे असं इम्प्लांट. चौथ्या प्रकारच्या माराबद्दल त्या लेबलवर काहीच लिहिलेलं नसतं. फोन आयपी६८ आहे म्हणून तो तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी टिकेल असं आपण म्हणत नाही. एमआरआय झाला असेल तर एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी पक्की होते, ती म्हणजे डोक्यात लोहचुंबकीय काही मोठं नाही. ही माहिती उपयोगाची आहे, फक्त पुरेशी नाही.

जिथे सरळ "नाही" म्हणायचं असतं

टीएमएसच्या सुरक्षिततेबद्दल तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारून आल्या. कॉइलच्या अगदी जवळ येणारी धातूची उपकरणं हे त्यांनी उपचार न करण्याचं ठाम कारण मानलं. उदाहरणं देताना त्यांनी ज्यांची नावं घेतली ती साध्या प्लेट्स नव्हत्या. ती होती कॉक्लिअर इम्प्लांट, पल्स जनरेटर आणि औषधाचे पंप.

कारण या वस्तूंना तारा आणि सर्किट असतं. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये बाहेरचा भाग चिकटून राहावा म्हणून कातडीखाली चुंबक असतं. टीएमएसच्या पल्सने ते हलू शकतं, त्याचं चुंबकत्व कमी होऊ शकतं, शिवाय इलेक्ट्रोडमधून कानाच्या नसेला नको तो झटका बसू शकतो. पार्किन्सन्ससाठी डीप ब्रेन स्टिम्युलेशन केलेल्यांच्या डोक्यात बारीक तारा असतात, आणि जास्तीची तार सर्जन बऱ्याचदा कातडीखाली वेटोळं करून ठेवतात. वर अंगठीत ६ व्होल्ट आले होते ना? वेटोळ्याचे जितके फेरे, तितक्या पटीने व्होल्ट वाढतात, आणि त्या तारेचं दुसरं टोक मेंदूत खोल रुतलेलं असतं. संशोधनात अशा रुग्णांना टीएमएस दिलेलं आहे, पण ते खास तयारीने, जनरेटरपासून कॉइल लांब ठेवून. गल्लीतल्या सेंटरवर करायची ही गोष्ट नव्हे.

अ‍ॅन्युरिझमची, म्हणजे रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याची क्लिप असेल तर धातू कोणता हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही. हल्ली टायटॅनियमच्या क्लिपही असतात, पण जुन्यांमध्ये लोहचुंबकीय स्टीलही आहे, आणि तिथे क्लिप किंचितही हलणं परवडत नाही. डोक्यात छर्रा किंवा वेल्डिंगचा कण अडकलेला असेल तर तो धातू कुठला हे कुणालाच ठाऊक नसतं.

डिप्रेशनसाठी मंजूर झालेल्या पहिल्या यंत्राच्या कंपनीने कॉइलपासून ३० सेंटिमीटरच्या आत डोक्यात बसवलेला वाहक किंवा चुंबकीय धातू असेल तर उपचार करू नका असं लिहिलं आहे. दातांतली साधी चांदी आणि ब्रिज त्यातून वगळलेत. त्यामुळे पहिलं सेंटर खोटं बोलत नव्हतं, ते कंपनीचं लेबल वाचत होतं. लेबलच्या बाहेर जाऊन उपचार करायचे की नाही हे डॉक्टर प्रत्येक रुग्णाचा हिशोब मांडून ठरवू शकतात, पण तो हिशोब मांडायला हवा, फोनवर अर्ध्या मिनिटात तो होत नाही.

अंगावरच्या धातूचा मात्र वाद नको. कानातलं, नथ, केसातल्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र, गळ्यातलं, सगळं काढायचं. फोन आणि एटीएम कार्ड बाहेर.

प्लेटखालच्या मेंदूला किती डोस

ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. टीएमएसचा डोस कसा ठरवतात? डोक्यावर हाताच्या हालचालीचा भाग शोधतात आणि अंगठा जेमतेम उडेल इतकी ताकद नोंदवतात. मग डिप्रेशनसाठी कपाळाकडच्या भागावर त्या ताकदीच्या टक्केवारीत पल्स देतात. म्हणजे माप एका ठिकाणी घेतलं आणि कापड दुसरीकडे शिवलं. साध्या डोक्यात हे चालून जातं. पण मापाच्या जागेवर प्लेट नाही आणि उपचाराच्या जागेवर आहे (किंवा उलट), तर हिशोब बिघडतो. प्लेटमधले भोवरे मूळ क्षेत्राला विरोध करतात, त्यामुळे खालच्या मेंदूला मिळणारा डोस थोडा बदलतो. प्लेट मोठी तर परिणाम जास्त. त्यात ऑपरेशननंतर मेंदू आणि कवटी यांतलं अंतरही बदललेलं असू शकतं. भाजलं नाही म्हणून उपचार नीट पोहोचले असं होत नाही.

आणि प्लेट बसवली कशासाठी होती?

सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं होतं की धातूचा प्रश्न सुटला की विषय संपला. भावाला घेऊन मी ज्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी प्लेटबद्दल दोन मिनिटं विचारलं आणि बाकीचा पाऊण तास अपघाताबद्दल. किती दिवस बेशुद्ध होता? मेंदूत रक्तस्राव कुठे होता? फिट आली होती का?

टीएमएसचा सगळ्यात गंभीर दुष्परिणाम म्हणजे उपचारादरम्यान फिट येणं. साधारण माणसात हे क्वचित घडतं. पण मेंदूला मार लागून तिथे व्रण राहिला असेल, आधी फिट आली असेल, तर शक्यता वाढते. अपुरी झोप, दारू आणि काही औषधंही त्यात भर घालतात. कवटीत प्लेट उगाच कुणी बसवत नाही. अपघात, रक्तस्राव, गाठ, काहीतरी आधी झालेलं असतं. सेंटरच्या फॉर्मवर "मेटल?" हा एक चौकोन असतो आणि आपलं सगळं लक्ष त्यावरच जातं.

भावाला अपघातानंतर दुसऱ्या महिन्यात एकदा फिट आली होती. त्याने ती सांगितली नव्हती, कारण "ती तेव्हाची गोष्ट". डॉक्टरांनी ईईजी करायला सांगितला आणि न्यूरोलॉजिस्टचं मत मागवलं. जाळी उजवीकडे आहे आणि डिप्रेशनसाठी वेगवान पल्स सहसा डावीकडे देतात, त्यामुळे धातू तसा वाटेत येत नव्हता. सेकंदाला १ पल्स देण्याची सौम्य पद्धत फिटच्या दृष्टीने बरी, पण ती उजव्या बाजूला देतात, म्हणजे नेमकी जाळीच्या बाजूला. शेवटी टीएमएस तूर्त थांबवलं. गोळी तिसऱ्यांदा बदलली, समुपदेशन सुरू केलं, सहा महिन्यांनी परत बघू असं ठरलं. त्याला वाईट वाटलं, पण निदान या वेळी कारण कळलं.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डोक्यात काही बसवलेलं असेल तर डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. त्यावर नुसतं "क्रेनिओप्लास्टी डन" एवढंच असतं. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागा. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर बहुतेक वेळा फाईलमध्ये चिकटवलेला असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट नंबर आणि अनेकदा धातूही लिहिलेला असतो. सोबत ऑपरेशननंतरचा सीटी स्कॅन, फिटचा इतिहास आणि चालू औषधं. या सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि घरच्या एका माणसालाही पाठवून ठेवा. आमच्याकडे तो स्टिकर मावशीच्या कपाटात, साडीच्या घडीखाली ठेवलेल्या फाईलमध्ये सापडला. शाई उडत चालली होती, पण धातूचं नाव वाचता येत होतं.